सागाचा ओटा वाकू नये म्हणून

प्रश्न : सागाच्या फळ्या जोडून घरीच ओटा करायचा आहे, सिंकही त्यातच बसवायचं आहे. लाकूड फुगेल, वाकेल अशी धास्ती वाटते. संगमरवर बरा का?

उत्तर : संगमरवर नकोच. लिंबाचा रस सांडला की त्याची चकाकी जाते. दगडच हवा तर ग्रॅनाइट घ्या. पण माझं मत विचाराल तर सागच!

लाकूड हलणारच, म्हणजे फुगणार-आकसणार, आणि तेही रुंदीत. लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून ते जखडू नका. फळ्या त्याच खोलीत, मध्ये पट्ट्या घालून काही आठवडे रचून ठेवा. सागात अंगचं तेल असतं, तेव्हा डिंक लावण्याआधी कडा अ‍ॅसिटोननं (तेल विरघळवणाऱ्या द्रावणानं) पुसा. खालच्या कपाटाला स्क्रू मारताना भोकं लांबट ठेवा, म्हणजे ओट्याला सरकायला जागा राहते.

खरी काळजी सिंकच्या कापाची. तिथे लाकडातल्या बारीक नळ्यांची तोंडं उघडी पडतात. पाण्याचा थेंब टाकून बघा : फळीच्या सपाट बाजूवर तो बराच वेळ टिकतो, कापलेल्या तोंडावर मात्र लवकर मुरतो. त्या कडा तेल प्यायच्या थांबेपर्यंत त्यांना तेलाचे हात देत राहा. तेल जवसाचंच, पातळ हातानं, आणि खालच्या बाजूलाही तितकंच. एकच बाजू माखली की फळीला बाक आलाच. रोजचं खाण्याचं तेल वाळत नाही, खवट होतं.

आणि कृपा करून तेलाची फडकी बोळा करून टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. बाहेर पसरून वाळवा.