एकटी कोळंबी

"मॅडम, चेडू धड जेवणा नाय. कॉलेजात जाऊचा नाय म्हणता. काय करूचा?"

मालवण तालुक्यातल्या एका गावातून आई मुलीला घेऊन आली होती. मुलगी पदवीच्या पहिल्या वर्षाला, विषय कॉम्प्युटर, शाळा मराठी माध्यमाची. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत.) गणपतीला घरी आलेली पोरं परत जायला तयार नसतात, तेव्हा समुपदेशक म्हणून दर वर्षी हा प्रश्न माझ्याकडे येतो: शाखा चुकली का? बदलून घेऊ का?

आधी झोपेचं आणि जेवणाचं विचारून घेतलं. सगळं आठेक दिवसांतलं होतं. दोन आठवड्यांच्या वर असं चाललं असतं, किंवा जगण्याचाच कंटाळा आल्याचं ती बोलली असती, तर प्रोग्रामिंगच्या वाटेला न जाता मी आधी डॉक्टरांकडे पाठवलं असतं.

झालं होतं एवढंच. प्रॅक्टिकलला नावांच्या यादीतून स्वल्पविराम घालून एक ओळ तयार करायची होती. सगळ्यांची ओळ आली, हिच्या स्क्रीनवर फक्त शेवटचं नाव. मागच्या बाकावरून कुणी हसलं. "माझी बुद्धीच कमी आहे," ती मला म्हणाली, आणि तेही इतक्या शांतपणे, जणू आधार कार्डावरची जन्मतारीख सांगतेय.

"वही आणलीयस?"

होती. मी तिला खरं ते सांगितलं, की मला यातलं ओ की ठो कळत नाही, तूच समजावून सांग. हे अज्ञान मला या धंद्यात फार उपयोगी पडतं. नावांऐवजी मासे घ्यायला सांगितले: बांगडा, सुरमई, मोरी, तारली, कोळंबी. कागदावर तीन रकाने आखले. कितवी फेरी, हातात कुठला मासा आणि ओळीत आत्ता काय आहे.

मग तिच्या प्रोग्राममधल्या सूचना तिने एकेका माशासाठी हाताने चालवल्या. पहिली फेरी. ओळ रिकामी केली, बांगडा जोडला, पुढे स्वल्पविराम. दुसरी फेरी. "ओळ रिकामी केली, सुरमई..." आणि ती थांबली. पेन्सिल तशीच हवेत.

"बांगडो खंय गेलो?" आईने विचारलं. ती इतका वेळ गप्प बसून ऐकत होती.

ती शिकतेय त्या पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत यादीतल्या प्रत्येकासाठी त्याच सूचना पुन्हा पुन्हा चालवतो तो फॉर लूप. ओळ रिकामी करायची सूचना त्याच्या आधी हवी. हिने ती चार जागा सोडून लिहिली होती, म्हणजे लूपच्या आत. त्यामुळे दर फेरीला आधीचा मासा पुसला जायचा आणि शेवटी कोळंबी एकटी उरायची. आई घरी अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, करून विकते. ती म्हणाली, "दर फुलाक नवो दोर घेतलंस तर वळेसर कसो होतलो?"

दाखला मला फारच आवडला, आणि पुढच्या भेटीत मुलीनेच तो मोडीत काढला. पायथनमध्ये एकदा तयार झालेली स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची ओळ, बदलता येत नाही. काही जोडलं की नवीच स्ट्रिंग बनते आणि प्रोग्राममध्ये जुन्या ओळीला दिलेलं नाव त्या नव्या स्ट्रिंगला लावलं जातं. म्हणजे दोर दर वेळी नवाच, फक्त आधीची फुलं त्यावर उतरवून घेतलेली! पाच माशांना काही फरक पडत नाही. यादी लाखाची असेल तर पायथनमधलं जॉइन हे तयार साधन वापरायचं, ते सगळे तुकडे एकदमच जोडतं.

त्याच भेटीत शेपटाचा स्वल्पविराम निघाला. कोळंबीपुढेही एक लोंबत होता. मी तिला घरामागचे माड आठवायला सांगितले. ओळीत पाच माड असले तर मधल्या जागा किती? चार. मग पहिला मासा सोडून बाकी प्रत्येकाच्या आधी स्वल्पविराम घालायचा, असं तिनेच ठरवलं. जॉइनला हे सांगावंही लागत नाही, ते विरामचिन्ह फक्त मधेच घालतं. मी मनात म्हटलं, मग शाळेत हेच आधी का शिकवत नाहीत? पण लूप हाताने चालवल्याशिवाय जॉइन म्हणजे जादूच वाटते, आणि जादू बिघडली की पोरं पुन्हा स्वतःलाच दोष देतात.

शाखा बदलायचं आम्ही दिवाळीपर्यंत पुढे ढकललं. आईबाबांना एकच काम दिलं: "जमलं का?" असं विचारायचं नाही, "आज काय अडलं?" असं विचारायचं. बाबांना ते फारसं पटलं नाही, हेही सांगते.

चाचणीत तिला 20 पैकी 11 मिळाले. त्यानंतर एका संध्याकाळी फोन आला. मी जरा धास्तावूनच उचलला.

"मॅडम, आज वेगळीच चूक आली!"

माशांपुढे दर लिहायला गेली होती. कोळंबी म्हणजे शब्द आणि 400 म्हणजे संख्या, पायथन दोघांना जोडायला तयार होईना.

"मग?"

"मग काय, आकड्याची आधी स्ट्रिंग करून घेतली. ठेवते, जेवायला बोलावतायत."