वाचकांचे प्रश्न : सोलापूरच्या उन्हात टेंपे

प्रश्न : थंडीत घरी केलेलं सोयाबीनचं टेंपे छान जमलं. एप्रिलमध्ये त्याच विरजणानं केलेलं मात्र चिकट झालं, अमोनियासारखा वास आला. विरजण मेलं का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : टेंपे म्हणजे शिजवलेल्या सोयाबीनवर बुरशी वाढवून केलेली घट्ट वडी, मूळची इंडोनेशियातली. विरजण बहुधा ठीक आहे, उष्णता जास्त झाली. विरजणातल्या रायझोपस ऑलिगोस्पोरस या बुरशीला 30 ते 32 अंश सेल्सिअस मानवतं. पण साधारण 12 तासांनंतर ती इतक्या जोमानं वाढते की स्वतःच ऊब सोडते, आणि गाभा खोलीपेक्षा कितीतरी जास्त तापतो. खोलीच 36 अंशांवर असेल तर आत 42 व्हायला वेळ लागत नाही. तिथं बुरशी माघार घेते, बॅसिलस जीवाणू फोफावतात आणि प्रथिनं सडून अमोनिया सुटतो. ते टेंपे टाकून द्या.

म्हणून मार्च ते जून ऊब कशी द्यायची याची चिंता नको; ती बाहेर कशी काढायची ते बघा. पाव किलो सोयाबीन 10-12 तास फ्रिजमध्ये भिजवा, बाहेर ठेवलं तर पाणीच आंबतं. चोळून सालं काढा. उघड्या पातेल्यात पाऊण तास उकळा. कुकरच्या शिट्ट्यांनी गाळ होण्याची भीती. शेवटी दोन मोठे चमचे व्हिनेगर घाला. मग निथळून मंद आचेवर परता, दाण्यावर ओल दिसता कामा नये. बरेचसे घाणे इथंच बिघडतात, कारण पाण्याच्या थरात जीवाणूंचं फावतं आणि बुरशी गुदमरते. हाताला कोमट लागेल इतकं निवल्यावर अर्धा छोटा चमचा विरजण नीट मिसळा. ज्या पिशवीत हे दाणे भरायचे, तिला जाड सुईनं सेंटिमीटर-सेंटिमीटरवर भोकं पाडा. थर हिवाळ्यात तीन सेंटिमीटर चालतो, उन्हाळ्यात दोनच.

पिशव्या पहाटे भरा. म्हणजे बुरशी स्वतः तापू लागते ती वेळ रात्रीची येते. संध्याकाळपासून त्या शहाबादी फरशीवर, उपड्या चाळणीवर सुट्या ठेवा. एकीवर एक रचू नका. गाभ्यात खुपसलेला थर्मामीटर 38 दाखवू लागला की पंखा लावा. कूलरचा थेट झोत नको, वरचा थर सुकतो. 24 ते 36 तासांत दाणे पांढऱ्या जाळ्यानं घट्ट बांधले जातात. लगेच फ्रिजमध्ये ठेवा, तिथंही एकाच थरात, नाहीतर मधल्या पिशव्या तापतच राहतात. खाण्याआधी 15-20 मिनिटं वाफवा किंवा तळा.

एक सक्त सूचना : टेंपेत खोबरं घालू नका. खोबऱ्याच्या टेंपेत वाढणाऱ्या एका जीवाणूच्या बाँगक्रेकिक आम्लानं इंडोनेशियात माणसं दगावली आहेत. हे विष शिजवूनही जात नाही.

प्रश्न : भोकांजवळ काळे डाग पडतात, ते खावं का? ही बुरशी चालते, तर शेंगदाण्यावरची का नाही?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : भोकाशी हवा जास्त मिळाल्यानं बुरशीला तिथं आधी बीजाणू येतात, तेच काळे-करडे डाग. खुशाल खा. हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी रंग दिसला तर सगळा घाणा टाका. (जावात शेंगदाण्याच्या पेंडीवर न्यूरोस्पोरा ही नारिंगी बुरशी मुद्दाम वाढवून ओंचोम नावाचा पदार्थ करतात, पण आपल्या ओट्यावर आपसूक उगवलेलं नारिंगी काय आहे, ते डोळ्यांनी ठरवता येत नाही.)

शेंगदाण्यावर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढू शकते. तिचं अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असतं आणि भाजून पुरतं जात नाही. मिसो या जपानी सोयाबीनच्या आंबवलेल्या लगद्यासाठी वापरतात ती अ‍ॅस्परजिलस ओरायझी तिचीच जवळची नातलग. शतकानुशतकं निवडून जोपासलेली आणि हे विष न करणारी. शेंगाचटणी कुटल्यावर खराब दाणा लपतो, म्हणून सुरकुतलेले, काळपट, कुबट दाणे भाजण्याआधीच वेचून काढा. आणि टेंपेचं विरजण खात्रीचं, विकतचंच घ्या; शिळ्या पावावरची बुरशी वापरू नका.

प्रश्न : शाकाहारी माणसाला टेंपेतून बी-12 मिळेल का?
– एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : त्या भरवशावर राहू नका. काही इंडोनेशियन टेंपेत बी-12 सापडतं, पण ते सोबत शिरलेल्या जीवाणूंनी केलेलं असतं, या बुरशीनं नव्हे. शुद्ध विरजणाच्या घरगुती टेंपेत ते धरू नये. प्रथिनांसाठी मात्र जरूर खा.