वाचकांचे प्रश्न : जुन्या युगोस्लाव्हियातील फुटबॉलपटूंचा देश कसा ठरवावा?

प्रश्न : शाळेच्या ग्रंथालयासाठी मी विश्वचषक खेळलेल्या फुटबॉलपटूंची आणि नामवंत प्रशिक्षकांची नोंदवही तयार करत आहे. प्रत्येक नावापुढे देशाचा एक रकाना आहे आणि युगोस्लाव्हियाच्या खेळाडूंपाशी येऊन काम अडले आहे. २०१७-१८च्या मोसमात आपल्या एफसी पुणे सिटीचे प्रशिक्षक असलेले रांको पोपोविच सर्बियाचे म्हणून ओळखले जात. परंतु त्यांचे जन्मगाव पेच हे कोसोव्होत आहे. सिनिशा मिहायलोविच यांचा जन्म क्रोएशियातील वुकोवारचा, पण ते क्रोएशियाकडून कधीच खेळले नाहीत. अशा वेळी जन्मस्थान धरावे, आडनावावरून समाज धरावा, पासपोर्ट धरावा की संघ धरावा? (एक निवृत्त शिक्षक, कोथरूड)

उत्तर : आपले काम अडले आहे, कारण जन्मस्थान, नागरिकत्व, समाज आणि संघ या चार निरनिराळ्या गोष्टी आपण एकाच रकान्यात बसवू पाहत आहात. बहुतेक देशांच्या बाबतीत या चारही गोष्टी एकाच नावाकडे बोट दाखवतात, म्हणून त्यांतला फरक आपल्या लक्षात येत नाही. युगोस्लाव्हियाच्या बाबतीत त्या चार दिशांना जाऊ शकतात, आणि त्यांपैकी कोणतीही एक निवडून बाकीच्या पुसून टाकल्या तर नोंद चुकीची ठरते.

दुसऱ्या महायुद्धानंतरचा युगोस्लाव्हिया हा स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बॉस्निया व हर्झगोव्हिना, सर्बिया, माँटेनेग्रो आणि मॅसिडोनिया या सहा प्रजासत्ताकांचा संघ होता आणि सर्बियाच्या अंतर्गत व्होयवोदिना व कोसोव्हो हे दोन स्वायत्त प्रांत होते. नागरिकाला संघराज्याचे नागरिकत्व असे आणि त्याच वेळी कोणत्या तरी एका प्रजासत्ताकाचेही असे. पण पासपोर्ट एकच असल्याने या दुसऱ्या नोंदीची रोजच्या व्यवहारात कोणाला फारशी गरज पडत नसे. २५ जून १९९१ रोजी स्लोव्हेनिया व क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केले आणि पुढच्या काही महिन्यांत हीच अडगळीतली नोंद माणसांचे भवितव्य ठरवू लागली, कारण नव्या राज्यांनी आपले नागरिक मुख्यतः तिच्याच आधारे निश्चित केले. स्लोव्हेनियात राहणाऱ्या इतर प्रजासत्ताकांच्या लोकांना अर्ज करण्यासाठी सहा महिने मिळाले. ज्यांनी अर्ज केला नाही किंवा ज्यांचा अर्ज मान्य झाला नाही, अशा पंचवीस हजारांहून अधिक लोकांची नावे फेब्रुवारी १९९२मध्ये कायम रहिवाशांच्या यादीतून काढून टाकण्यात आली. क्रोएशियाच्या १९९१च्या कायद्याने मात्र देशाबाहेर राहणाऱ्या क्रोएट समाजातील लोकांनाही नागरिकत्वाची वाट मोकळी ठेवली. हा तपशील फुटबॉलच्या नोंदीत कशाला, असे वाटेल. पण पुढच्या पिढीच्या संघनिवडीचे पुष्कळसे मूळ याच कायद्यांत आहे. बॉस्नियातील झेनित्सा येथे जन्मलेला आणि युद्धामुळे लहानपणीच कुटुंबासह जर्मनीत गेलेला देयान लोव्हरेन २०१८च्या विश्वचषकाचा अंतिम सामना क्रोएशियाकडून खेळला. बॉस्नियातच, प्रियेदोर येथे, क्रोएट कुटुंबात जन्मलेला योसिप इलिचिच स्लोव्हेनियात वाढला आणि स्लोव्हेनियाकडून खेळला. दोघांचे जन्मस्थान पाहून ‘बॉस्निया’ लिहिले, तर दोघांच्याही नोंदी वाचकाची दिशाभूल करतील.

आडनावावरून समाज ठरवण्याचा मार्ग मी सर्वांत आधी बाद करीन. ‘इच’ने संपणारी आडनावे सर्ब, क्रोएट, बोस्नियाक (बॉस्नियातील मुस्लिम समाज) आणि माँटेनेग्रिन अशा सर्व समाजांत आहेत, एकच आडनाव दोन-तीन समाजांत सापडणे ही तिथली नित्याची गोष्ट आहे. त्यातच मिश्र विवाह मोठ्या प्रमाणावर होत. १९८१च्या जनगणनेत सुमारे १२ लाख लोकांनी स्वतःचा समाज ‘युगोस्लाव’ असा नोंदवला होता. या लोकांच्या मुलांना आज आपण पुण्यात बसून सर्ब किंवा क्रोएट ठरवावे, हे मला योग्य वाटत नाही.

मिहायलोविच यांचेच उदाहरण घ्या. त्यांचे वडील सर्ब आणि आई क्रोएट. वुकोवारजवळच्या बोरोवो या गावी ते वाढले आणि १९९१च्या शरद ऋतूत वुकोवारला वेढा पडून ते शहर उद्ध्वस्त झाले, तेव्हा ते सर्बियाची राजधानी बेलग्रेड येथील रेड स्टार क्लबचे खेळाडू होते. ८ मे १९९१ रोजी बेलग्रेडमध्ये युगोस्लाव्हिया चषकाचा अंतिम सामना रेड स्टार आणि क्रोएशियातील स्प्लिटचा हायदुक यांच्यात झाला. एका बाजूला मिहायलोविच होते, दुसऱ्या बाजूला इगोर स्टिमॅक, आणि दोघांनाही त्या सामन्यात मैदानाबाहेर काढण्यात आले. त्यांचे वैर पुढे वर्षानुवर्षे चालले. मार्च २०१३मध्ये क्रोएशियाची राजधानी झाग्रेब येथे विश्वचषक पात्रता फेरीत क्रोएशिया आणि सर्बिया समोरासमोर आले, तेव्हा क्रोएशियाचे प्रशिक्षक स्टिमॅक होते आणि सर्बियाचे मिहायलोविच. क्रोएशियाच्या भूमीवर जन्मलेला, क्रोएट आईचा मुलगा सर्बियाच्या बाकावर बसला होता. जन्मस्थानाच्या निकषाने त्यांना क्रोएशियाचे म्हणावे लागेल आणि ते त्यांनी स्वतः केलेल्या निवडीच्या नेमके उलट होईल.

हे स्टिमॅक म्हणजे २०१९ ते २०२४ या काळात भारतीय संघाचे प्रशिक्षक असलेले तेच गृहस्थ. १९८७मध्ये चिली येथे झालेली जागतिक युवा स्पर्धा युगोस्लाव्हियाने जिंकली, त्या संघात ते होते. त्यांच्याबरोबर दावोर शूकर, झ्वोनिमिर बोबान, रॉबर्ट प्रोसिनेच्की हे क्रोएशियाचे आणि प्रेद्राग मियातोविच हे माँटेनेग्रोतील खेळाडू होते. अकरा वर्षांनी, १९९८च्या विश्वचषकात, यांपैकी चौघे क्रोएशियाकडून खेळून तिसऱ्या क्रमांकाचे मानकरी ठरले, तर मियातोविच सर्बिया आणि माँटेनेग्रो मिळून उरलेल्या युगोस्लाव्हियाकडून खेळले. प्रोसिनेच्की यांची नोंद तर कोणत्याही एका देशाच्या रकान्यात मावणारच नाही. त्यांचा जन्म पश्चिम जर्मनीतला, वडील क्रोएट, आई सर्ब. १९९०च्या विश्वचषकात त्यांनी युगोस्लाव्हियाकडून संयुक्त अरब अमिरातीविरुद्ध गोल केला आणि १९९८मध्ये क्रोएशियाकडून जमैका व नेदरलँड्सविरुद्ध. दोन वेगवेगळ्या देशांकडून विश्वचषकात गोल करणारे ते एकमेव खेळाडू आहेत. त्यांच्या पहिल्या गोलापुढे ‘क्रोएशिया’ असे लिहिले, तर हा विक्रमच नाहीसा होतो.

म्हणून माझी सूचना अशी, की देशाच्या रकान्यात खेळाडू ज्या राष्ट्रीय संघाकडून खेळला त्या संघाचे त्या वेळचे नाव वर्षांसह लिहावे आणि संघ दोन असतील तर दोन्ही लिहावेत. क्रिकेटमध्ये आपण हे कधीपासूनच करत आलो आहोत : लाहोरला जन्मलेले अब्दुल हफीझ कारदार १९४६मध्ये भारताकडून कसोटी खेळले आणि १९५२मध्ये पाकिस्तानचे पहिले कर्णधार म्हणून दिल्लीत उतरले, त्यांच्या नावापुढे दोन्ही देश असतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. देयान स्टांकोविच यांच्यापुढे तर तीन नावे येतील, कारण १९९८चा विश्वचषक ते युगोस्लाव्हिया, २००६चा सर्बिया व माँटेनेग्रो आणि २०१०चा सर्बिया या नावाच्या संघाकडून खेळले. यांपैकी २००६चा संघ जर्मनीत पहिला सामना खेळला, त्याच्या आठवडाभर आधीच, ३ जून रोजी, माँटेनेग्रोने स्वातंत्र्य जाहीर केले होते. म्हणजे जो संयुक्त देश उरलाच नव्हता, त्याच्या नावाने ते खेळाडू मैदानात उभे होते. तरीही नोंदीत त्या संघाचे तेच नाव राहिले पाहिजे.

जन्मस्थानासाठी वेगळा रकाना करावा आणि त्यात गावाबरोबर तेव्हाचा व आजचा असे दोन्ही उल्लेख असावेत. पोपोविच यांचा जन्म १९६७चा आहे; म्हणून त्यांच्यापुढे ‘पेच; तेव्हा युगोस्लाव्हिया, आज कोसोव्हो’ असे लिहिता येईल. कोसोव्होने २००८मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले असले, तरी भारताने त्याला राज्य म्हणून मान्यता दिलेली नाही. शाळेची नोंदवही असल्यामुळे ही गोष्ट तळटीपेत स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. मात्र जन्मगाव आज कोणत्या सीमेच्या आत आहे यामुळे पोपोविच यांना सर्बियाचे प्रशिक्षक म्हणण्यात काहीही चूक होत नाही. नागरिकत्व जाहीरपणे माहीत असेल तरच लिहावे, आणि समाजाचा रकाना मी ठेवणारच नाही. एखाद्या खेळाडूने स्वतःबद्दल जाहीरपणे काही सांगितले असेल, तर ते त्याच्या परिचयात त्याच्या तोंडचे म्हणून द्यावे.

प्रश्न : सख्खे भाऊ दोन वेगळ्या देशांकडून खेळल्याचे वाचले. खेळाडूला मन मानेल तेव्हा देश बदलता येतो का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, औंध)

उत्तर : आपण वाचले ते बहुधा जाका बंधूंविषयी असावे. त्यांचे कुटुंब कोसोव्होतील अल्बेनियन. दोघेही स्वित्झर्लंडमधील बाझल येथे जन्मले. ग्रानिट स्वित्झर्लंडकडून खेळू लागला, थोरला तौलांत अल्बेनियाकडून, आणि ११ जून २०१६ रोजी फ्रान्समधील लांस येथे युरो स्पर्धेत दोघे एकमेकांविरुद्ध उतरले. प्रेक्षकांत बसलेल्या त्यांच्या आईच्या अंगात अर्धा अल्बेनियाचा आणि अर्धा स्वित्झर्लंडचा असा शिवलेला सदरा होता.

मन मानेल तेव्हा देश बदलता येत नाही. खेळाडूकडे त्या देशाचे नागरिकत्व असावे लागते. एकाहून अधिक देशांकडून खेळण्याचा पर्याय असेल किंवा नागरिकत्व नव्याने घेतले असेल, तर त्याशिवाय जन्म, आईवडील किंवा आजी-आजोबा यांच्यामार्फत किंवा दीर्घ वास्तव्यामुळे त्या देशाशी खरा संबंध असावा लागतो. वरिष्ठ संघाकडून अधिकृत स्पर्धेतील सामना खेळल्यावर खेळाडू साधारणपणे त्या देशाशी बांधला जातो. २०२०मध्ये फिफाने हा नियम थोडा सैल केला : खेळाडू वरिष्ठ संघाकडून तीनपेक्षा जास्त सामने खेळलेला नसेल, ते त्याच्या वयाच्या एकविसाव्या वर्षाच्या आत झालेले असतील, त्यांत विश्वचषकाच्या किंवा खंडीय स्पर्धेच्या मुख्य फेरीचा सामना नसेल आणि शेवटच्या सामन्याला तीन वर्षे होऊन गेली असतील, तर त्याला एकदा संघ बदलण्याची परवानगी मागता येते. युवा संघाकडून खेळण्याने बंधन तितके घट्ट होत नाही. इव्हान राकितिच स्वित्झर्लंडच्या युवा संघांतून आणि मिरालेम प्यानिच लक्झेंबर्गच्या युवा संघांतून खेळले होते, तरी पुढे ते अनुक्रमे क्रोएशिया आणि बॉस्नियाचे खेळाडू झाले.

देश नवा जन्माला आला, तर गोष्ट निराळी होते, कारण तिथे खेळाडूने आधीचा संघ निवडला तेव्हा दुसरा पर्यायच अस्तित्वात नव्हता. कोसोव्होला मे २०१६मध्ये आधी युएफाचे, म्हणजे युरोपीय फुटबॉल संघटनेचे, आणि दहा दिवसांनी फिफाचे सदस्यत्व मिळाले. युएफाच्या मतदानात २८ विरुद्ध २४ असा निसटता कौल होता. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला फिनलंडविरुद्ध कोसोव्होचा पहिला पात्रता सामना तुर्कू येथे झाला. आधी इतर देशांकडून खेळलेल्या काही खेळाडूंना कोसोव्होकडून खेळण्याची परवानगी मिळाली, ती सामना सुरू व्हायला काही तास उरले असताना. त्यांच्यातलाच वालोन बेरिशा नॉर्वेच्या वरिष्ठ संघाकडून खेळलेला होता. त्यानेच पेनल्टीवर कोसोव्होचा गोल केला आणि सामना १-१ असा बरोबरीत सुटला. जेर्दान शाकिरी याचा जन्मही कोसोव्होतील ग्यिलान येथला, परंतु तो स्वित्झर्लंडकडेच राहिला. दोन्ही निर्णय मला सारखेच आदरणीय वाटतात. पंचविशीतल्या माणसाने आपले घर कोणते मानायचे हे त्याच्यावर बाहेरून लादता कामा नये.

मिलान बोर्यान याच्या बाबतीत लोकांनी नेमके तेच केले. क्रोएशियातील क्निन येथे सर्ब कुटुंबात त्याचा जन्म झाला. १९९५च्या क्रोएशियाच्या लष्करी मोहिमेच्या वेळी ते कुटुंब निर्वासित झाले, आधी सर्बियात आणि मग कॅनडात गेले, आणि तो कॅनडाचा गोलरक्षक झाला. २०२२च्या विश्वचषकात कॅनडाचा सामना क्रोएशियाशी पडला, तेव्हा क्रोएशियाच्या काही प्रेक्षकांनी त्याच्या त्या निर्वासनाची खिल्ली उडवणारा फलक झळकवला. फिफाने क्रोएशियाच्या महासंघाला ५० हजार स्विस फ्रँकचा दंड केला.

प्रश्न : १९३० आणि १९६२च्या विश्वचषकांत युगोस्लाव्हिया उपांत्य फेरीत पोहोचला होता. ती कामगिरी आता कोणत्या देशाच्या खात्यात धरतात? (एक वाचक, सिंहगड रस्ता)

उत्तर : फिफा आणि युएफा या दोन्ही संस्था युगोस्लाव्हियाची कामगिरी सर्बियाच्या नावापुढे धरतात. १९३०च्या बाबतीत ते बरेचसे पटण्यासारखे आहे, कारण महासंघाचे मुख्यालय झाग्रेबहून बेलग्रेडला हलवल्याच्या निषेधार्थ झाग्रेबच्या खेळाडूंनी त्या संघावर बहिष्कार घातला होता आणि उरुग्वेला गेलेला संघ मुख्यतः सर्बियातील क्लबांचा होता. १९६२च्या बाबतीत मात्र हा हिशेब मला अपुरा वाटतो. त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांमध्ये असलेला द्राझान येर्कोविच हा शिबेनिकचा, म्हणजे क्रोएशियाचा. ऑक्टोबर १९९०मध्ये, युगोस्लाव्हिया अजून अस्तित्वात असताना, क्रोएशियाच्या संघाने झाग्रेबमध्ये अमेरिकेविरुद्ध सामना खेळला, तेव्हा त्या संघाचे प्रशिक्षक हेच येर्कोविच होते. आपण यादी तयार करत असाल, तर संघाची कामगिरी ‘युगोस्लाव्हिया’ याच नावाने ठेवावी आणि फिफा ती सर्बियाकडे धरते, एवढे तळटीपेत सांगावे.