हिंजवडीची नोकरी, घरातले आजारपण आणि रविवार संध्याकाळचा पोटातला गोळा: रोजचा ताण हाताळायचा कसा?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वय 34, राहणे वाकडला, नोकरी हिंजवडीत, सासूबाईंचा मधुमेह, मुलगी दुसरीत आणि डोक्यावर घराचा हप्ता. रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येतो, ऑफिसचे मेसेज पाहिल्याशिवाय रात्री डोळा लागत नाही, मीटिंगच्या आधी छाती धडधडते, ध्यानाचे ॲप वापरून उलट अधिक अस्वस्थ वाटले. आणि यावर घरच्या घरी काही करता येईल की नोकरीच सोडावी, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. मी डॉक्टर किंवा समुपदेशक नाही. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी सतरा वर्षे खरेदी विभागात आहे आणि कर्वेनगरहून कंपनीच्या बसने ये-जा करते. सात वर्षांपूर्वी मी साधारण याच अवस्थेत होते, त्यामुळे मला काय उपयोगी पडले आणि काय पडले नाही, एवढेच सांगू शकते.

आधी शरीराचे पाहा. छाती धडधडते म्हणजे मनाचाच काही प्रकार असणार, असे आपण परस्पर ठरवून टाकतो, ते बरोबर नाही. माझ्या डॉक्टरांनी समुपदेशनाचा विषय काढण्यापूर्वी ईसीजी, थायरॉइड आणि हिमोग्लोबिनची तपासणी करून घेतली. थायरॉइड ठीक निघाले, पण हिमोग्लोबिन 9 च्या आसपास होते, आणि जिना चढताना होणाऱ्या ज्या धडधडीला मी इतके दिवस ‘टेन्शन’ म्हणत होते तिच्यातला बराच भाग त्या रक्तक्षयाचा होता. दुसरी गोष्ट चहाची. पुण्यात कोणी ‘चहा घेऊ या’ म्हटले की नाही म्हणणे हा जवळजवळ अपमान असतो, आणि कारखान्यातले दोन, घरचे दोन, पुरवठादार आला की आणखी एक, असे माझे दिवसाला पाच-सहा कप होत. कॅफीनचे शरीरातले प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाच्या चहातले निम्मे कॅफीन रात्री अकरालाही रक्तात फिरत असते. दुपारी दोननंतरचा चहा मी बंद केला. पहिला आठवडा डोके दुखण्यात गेला, पण झोपेत पडलेला फरक त्यानंतर स्पष्ट जाणवला.

आता मूळ मुद्दा. ‘कामाचा ताण’ आणि ‘काळजी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक सल्ले त्यांची सरमिसळ करतात. आमच्या विभागात रोज सकाळी शॉर्टेज लिस्ट निघते. कोणता भाग कमी आहे, किती नग हवेत, कधीपर्यंत हवेत आणि त्याचा पाठपुरावा कोण करणार, हे चार रकाने भरलेले असल्याशिवाय त्या यादीत ओळ घालता येत नाही. रात्री दोन वाजता मी जे घोळवत बसत असे त्यातल्या एकाही गोष्टीला हे चार रकाने नव्हते. ‘सासऱ्यांचे काही बरेवाईट झाले तर?’ (माझे सासरे इन्सुलिनवर होते) याला तारीख नाही, संख्या नाही, करायचे काम नाही. ज्याला रकाने भरता येतात ते काम, आणि ज्याला येत नाहीत ती काळजी. कामाला वेळ द्यावा लागतो. काळजीला कितीही वेळ दिला तरी ती संपत नाही.

ती संपत का नाही, हे समुपदेशक बाईंनी मला ज्या पद्धतीने दाखवले ते सांगते, कारण माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे तेच होते. त्यांनी मला आठवडाभर एवढेच टिपायला सांगितले की खात्री करून घेण्यासाठी दिवसातून किती वेळा काय करता. मी घरी सहा वेळा फोन करून सासऱ्यांनी इन्सुलिन घेतले का, हे विचारत होते. पाठवलेली ईमेल पुन्हा उघडून वाचत होते. रात्री मेसेज पाहून ‘काही नाही ना’ म्हणत फोन उशाला ठेवत होते. प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिनिटे बरे वाटे आणि मग पुन्हा तेच. या बरे वाटण्यातच खरी मेख आहे: पाहिले म्हणून जिवाला शांतता मिळाली, असे मेंदू शिकतो, आणि पुढच्या वेळी पाहिल्याशिवाय शांत होण्याचे नाकारतो. तुमचे मेसेज पाहणे हे कामाचा भाग वाटत असले तरी ते बहुधा याच जातीचे आहे. ते एकदम तोडू नका. मी सहा फोनांचे तीन केले, मग एक ठरलेला, दुपारी साडेबाराचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जीव अगदी कासावीस झाला, आणि त्या वेळी फोन न करता तसेच बसून राहिल्यावर ती कासाविशी चाळीसएक मिनिटांत आपोआप ओसरली. ते ओसरणे स्वतः अनुभवल्याशिवाय कोणाच्या सांगण्यावर विश्वास बसत नाही, निदान माझा बसला नव्हता.

काळजी दाबायची नाही, तर तिला वेळ नेमून द्यायची. ही युक्ती जुनी आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये ती तपासून मांडली. रोज ठरावीक वेळी, ठरावीक जागी अर्धा तास फक्त काळजी करायची, आणि इतर वेळी काही मनात आले की ते कागदावर टिपून त्या अर्ध्या तासावर ढकलायचे. माझी जागा म्हणजे परतीची बस. मोशीपासून नाशिक फाट्यापर्यंतच्या वाहतुकीत अर्धा तास सहज मिळतो (या रस्त्याचा मला झालेला हा एकमेव फायदा). वहीत दिवसभराच्या टिपणांपैकी एकेक घ्यायचे आणि प्रश्न अर्धवट सोडायचा नाही, त्याचे उत्तर शेवटपर्यंत लिहायचे. ‘माल आला नाही तर?’ तर कारखान्यातली उत्पादनाची लाइन थांबेल. मग? मला बोलणी बसतील. मग? दुसऱ्या पुरवठादाराकडून जादा भावाने माल आणावा लागेल. मग? त्याचा खुलासा लिहून द्यावा लागेल. येथपर्यंत आले की भीतीची जागा एक कंटाळवाणे कारकुनी काम घेते. बरीच टिपणे तर संध्याकाळपर्यंत शिळी झालेली असत. तुमच्यासाठी झोपायच्या खोलीतली जागा मात्र निवडू नका, आणि रात्री नऊनंतरची वेळही नको.

लिहिताना आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती मराठीत फार चांगली दिसते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीत असे सांगितले आहे की आपल्याला घटना अस्वस्थ करत नाही, तर त्या घटनेविषयीचा आपला हट्ट अस्वस्थ करतो. आपल्या भाषेत हा हट्ट एका अक्षरात मावतो: ‘च’. ‘लाइन थांबताच कामा नये’, ‘मुलीचा अभ्यास मीच घेतला पाहिजे’, ‘सासूबाईंची साखर वाढलीच नाही पाहिजे’. मी वहीतल्या अशा प्रत्येक ‘च’ला लाल शाईने गोल करत असे आणि ते वाक्य त्याच्याशिवाय पुन्हा लिहीत असे. ‘लाइन थांबू नये असे मला फार वाटते’ हे वाक्यही चिंतेचेच आहे, पण त्या चिंतेने हातपाय चालतात, गळून जात नाहीत. ‘सकारात्मक विचार करा’ या सल्ल्याचा मात्र मला कधीच उपयोग झाला नाही. आमच्या कंपनीने जेवणाच्या सुट्टीत ताणतणावावर तासाभराचे व्याख्यान ठेवले होते. त्यात आरशासमोर उभे राहून हसायला सांगितले गेले आणि जेवण मात्र राहून गेले.

ध्यानाने अस्वस्थता वाढली याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. धडधड चालू असताना डोळे मिटून मन रिकामे करायला बसले की आतल्या प्रत्येक ठोक्याकडेच लक्ष जाते. त्या वेळी श्वासाचे साधे काम पुरते. घाबरल्यावर आपण भराभर श्वास घेतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यातूनच बोटांना मुंग्या येतात व गरगरते. ही लक्षणे पाहून आपण आणखी घाबरतो. नाडीची गती श्वास सोडताना मंदावते, म्हणून सोडणे लांबवायचे: चार अंक मोजत नाकाने घ्यायचा, सहा अंक मोजत सोडायचा, म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. आपल्याकडच्या प्राणायामातही रेचक, म्हणजे श्वास सोडणे, पूरकाच्या, म्हणजे श्वास घेण्याच्या, दुप्पट सांगितला आहे. नवशिक्याने कुंभकाच्या, म्हणजे श्वास रोखण्याच्या, फंदात पडू नये. रोज शांत असताना पाच मिनिटे सराव असेल तरच मीटिंगच्या दारात तो आठवतो. व्यायामाबद्दल वेगळे सांगायला नको. तुम्हाला बाणेरची टेकडी जवळ आहे, आठवड्यातून तीनदा दम लागेल इतके चढा. तपासण्या ठीक असतील तर दम लागणे आणि धडधडणे हे धोक्याचे नसते, हे शरीराला टेकडीवर फुकटात शिकायला मिळते.

ऑफिसात मी एकच बदल मागून घेतला. साहेबांना शांतपणे सांगितले की रात्री नऊनंतर तातडीचे असेल तर फोन करा, कितीही वाजता उचलीन. मेसेज मात्र सकाळी साडेसातला पाहीन. ‘मी उपलब्ध नाही’ असे म्हणण्यापेक्षा ‘या मार्गाने उपलब्ध आहे’ असे म्हणणे बहुतेकांना पचते. सगळेच साहेब ऐकतात असे नाही, आणि परदेशी ग्राहकाशी रात्री बोलणे हाच कामाचा भाग असेल तर निदान कोणत्या दोन रात्री मोकळ्या, हे आधी ठरवून घ्यावे. त्या वर्षात मला रात्रीचे फोन आले ते एकूण चार. रविवारच्या गोळ्यासाठी शुक्रवारी निघण्यापूर्वीची पंधरा मिनिटे राखून ठेवा आणि सोमवारचा फक्त पहिला तास कागदावर लिहून टेबलावर ठेवून या. दोन दिवस जी गोष्ट डोक्यात वागवत फिरता ती तेथे राहू द्या.

घरातला ताण मात्र कामाच्या संख्येपेक्षा आठवण ठेवण्याचा असतो, आणि तो कोणाला दिसत नाही. गॅस सिलिंडरचा नंबर कधी लावायचा, औषधांची पट्टी कधी संपते, शाळेत रंगीत कागद कधी न्यायचा आहे, ही सगळी यादी एकाच बाईच्या डोक्यात असते. माझे पती ‘सांग ना, करतो’ म्हणत असत, आणि ते मनापासून म्हणत. पण सांगण्याचे काम माझ्याकडेच राहिल्यामुळे हलके काहीच होत नव्हते. शेवटी आम्ही वाटणी कामांची न करता खात्यांची केली. सासऱ्यांचे आजारपण, म्हणजे औषधे, तपासण्या, डॉक्टरांची वेळ, हे पूर्ण त्यांच्याकडे गेले. पहिल्याच महिन्यात एक गोळी दोन दिवस आणायची राहिली. मला ते माहीत होते, आणि मी गप्प बसले. ते दोन दिवस मला फार जड गेले, पण त्यांना ती चूक स्वतःला सापडली आणि त्यानंतर ते खाते मी उघडून पाहिलेले नाही. (इन्सुलिनसारखी जिवावर बेतणारी गोष्ट असेल तर मात्र असे मौन पाळू नये, लगेच बोलावे.) तुमच्या सासूबाई त्यांच्या मुलाच्या हातून गोळ्या घेतील का, असे तुम्हाला वाटत असेल. माझे सासरे पहिले आठ दिवस ‘सूनबाई कुठे आहे?’ असे विचारत होते, नंतर थांबले.

आता घरगुती उपायांची मर्यादा. चिंता मोजण्यासाठी डॉक्टर वापरतात ती सात प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांत किती त्रास झाला यावर प्रत्येक प्रश्नाला 0 ते 3 गुण असतात, आणि 21 पैकी 10 किंवा अधिक गुण झाले तर तज्ज्ञांकडे जावे असे मानतात. आठवडेच्या आठवडे झोप नाही, भीतीपोटी तुम्ही मीटिंग किंवा प्रवास टाळू लागला आहात, किंवा जगणे नकोसे वाटते आहे, असे असेल तर गुण मोजत बसू नका. 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक आहे. केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू केलेली ही सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. पुण्यात ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. शेजारणीने दिलेली ‘अर्धी झोपेची गोळी’ कृपया घेऊ नका. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्यांची सवय लागू शकते आणि त्या सल्ल्याशिवाय एकदम बंद करणेही धोक्याचे असते. डॉक्टरांनी चिंतेवरचे नियमित औषध दिले तर त्याचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, हे ठाऊक नसल्यामुळे अनेक जण ते आठव्या दिवशी सोडून देतात. उपचारांचा खर्च विम्यातून मिळेल का, हे आपल्या विमा कंपनीला विचारा. मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखेच विमासंरक्षण द्यावे, असे मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 सांगतो.

राहिला नोकरी सोडण्याचा प्रश्न. त्याचे उत्तर रविवारी संध्याकाळी देऊ नका, कारण त्या वेळी ते नेहमी ‘सोडावी’ असेच येते. मला समुपदेशक बाईंनी सांगितले होते की सलग तीन महिने, महिन्यातून एका बुधवारी सकाळी अकरा वाजता हा प्रश्न वहीत लिहायचा आणि उत्तर कारणासह लिहायचे. माझे उत्तर पहिल्या बुधवारी ‘हो’ आले, पुढच्या दोन्ही वेळा ‘नाही’. तुमचे तीनही वेळा ‘हो’ आले, तर त्याच पानाच्या मागे नोटिशीचा काळ किती, घराचे सहा महिन्यांचे हप्ते किती आणि हातातली शिल्लक किती, हे तीन आकडे मांडा आणि मगच पतीशी बोलायला बसा.