पोराला घरी शिकवायला वहिनींनी नोकरी सोडावी का? भुसावळच्या दादांना उत्तर

दादा, मेसेज वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, यांची यावल तालुक्यात केळी आहे, वहिनी जळगाव एमआयडीसीत एका कंपनीच्या ऑफिसात, रोज गाडीने अपडाउन, पगार १९ हजार, नोकरीला ८ वर्षं झाली. मुलगा सहावीत, सरकारी शाळेत. लिहायला बसवलं की रडारड, सर वर्गासमोर बोलतात, आता शाळेतच जायचं नाही म्हणतो. म्हणून वहिनींनी राजीनामा देऊन त्याला घरी शिकवायचं, खर्च काय तर पुस्तकं आणि एक ट्युशन, महिना अडीच हजार, असा यांचा विचार.

हा हिशोब कच्चा आहे भो. खरा खर्च वहिनींचा पगार आहे, वर्षाला २ लाख २८ हजार, आणि पुढच्या वर्षापासून दहावीपर्यंत ४ वर्षं धरली तर ९ लाखाच्या वर जातो, तोही पगारवाढ न धरता. त्यात घराचा हप्ता ९,८०० तुम्ही याच पगारातून भरताय. केळीचं तुम्हाला मी काय सांगू, मे-जूनचं एक वादळ आलं की उभी बाग आडवी, विमा आला तरी कधी येईल त्याचा भरवसा नाही आणि बँक काही थांबत नाही.

दुसरं कुणी बोलत नाही ते. पगार २१ हजाराच्या आत आहे म्हणजे वहिनी बहुतेक ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात असणार, मग घरच्यांचा दवाखाना त्यातून होतो, नोकरी गेली की तेही जाईल आणि मेडिक्लेम खिशातून घ्यावा लागेल. पीएफच्या पेन्शनला १० वर्षं सर्व्हिस लागते, ८ झाली. पेन्शन फार मोठी नसते मान्य, पण इतक्या जवळ येऊन का सोडायची.

आता पोराचं. तुम्हीच लिहिलंय की केळीचा भाव सांगितला की किती क्विंटलचे किती झाले ते तोंडी पटकन सांगतो, पण तेच वहीवर मांडता येत नाही. असं पोरगं मला तरी ढ वाटत नाही. आधी तपासणी करा, सिव्हिलला विचारा, डिस्लेक्सियासारखं (हुशार असूनही लिहिणं-वाचणं जड जातं ते) काही निघालं तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ते येतं, सर्टिफिकेट असलं की बोर्डाच्या परीक्षेत जास्तीचा वेळ वगैरे सवलती मिळतात. हे न बघता घरी बसवलं तर तीच रडारड घरात होईल, फक्त ओरडणारे सर नसून आई असेल.

होमस्कूलिंग वाईट नाही. २००९ च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात घरी शिकवायची वेगळी सोय नाही, पण पुढे बाहेरून बोर्डाची परीक्षा द्यायचा १७ नंबर फॉर्म आहे, एनआयओएसची म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेची दहावी १४ वर्षं पूर्ण झाली की देता येते, त्यामुळे रस्ता बंद होत नाही. म्हणूनच घाई नको, यंदा शाळेतलं नाव ठेवा, वर्ग किंवा शाळा बदलून बघा, संध्याकाळी त्याला समजून घेणारी एखादी ताई लावा, ३ हजार गेले तरी चालतील. उन्हाळ्याच्या सुट्टीत वहिनींनी साठलेली रजा टाकून रोज शिकवून बघावं, दोघांना झेपतं का ते तिथेच कळेल. तरीही सोडायचंच ठरलं तर आधी ६ महिन्यांचे हप्ते एफडीत आणि मेडिक्लेम हातात, मगच राजीनामा. सोनं मोडायचं म्हणताय ते सध्या राहू द्या.

वहिनींची सॅलरी स्लिप पाठवा, ईएसआय खरंच कापतात का ते एकदा बघून घेतो.