पाच किलोमीटरांतला अधिक महिना

प्रिय मावशी,
मी मेलबर्नच्या टार्नेट उपनगरात राहते. सप्टेंबर २०२० आहे, कोरोनाची कडक टाळेबंदी चालू आहे, घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जाता येत नाही. आम्ही दोघंही आयटीत, मार्चपासून काम घरूनच. मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत, दोघांची शाळा जेवणाच्या टेबलावर भरते. जो तो सांगतो, जरा थांब, स्वतःकडे बघ, अशी संधी पुन्हा यायची नाही. म्हणून मी यादी केली. पहाटे योगासनं, मुलांचं मराठी, गीतेचा एक अध्याय, सावरडो ब्रेड, शनिवारी झूमवर मैत्रिणी. सात आठवड्यांत एक गोष्ट धड झाली नाही. रात्री दोनला जाग मात्र न चुकता येते. आई नाशिकला एकटी आहे. मला साधं थांबताही येत नाही, माझं काय चुकतंय?
— टार्नेटची एक वाचक

अगं, ऑफिसातला कामांचा फळा तू स्वयंपाकघराच्या भिंतीवर आणून टांगलास, एवढंच झालंय. त्यावर गीता असली काय नि ब्रेड असला काय, झोपताना डोळ्यांपुढे येतं ते राहिलेलं कामच.

आणि हे ‘संधी, संधी’ म्हणणाऱ्यांचा मला रागच येतो. शिकायला आलेल्या आपल्या कितीतरी मुलांची कॅफेतली शिफ्ट गेली. तात्पुरत्या व्हिसावर आहेत म्हणून जॉबकीपर, म्हणजे सरकारची पगाराची मदत, नाही, भाडं मात्र दर आठवड्याला. त्यांना आत्मचिंतन सुचवायला जीभ रेटत नाही माझी. तुझं तसं नाही. तुझी नोकरी आहे, घर आहे, तरी दोनला जाग येते. मग ती जाग कसली, हे बघू या.

इथे रात्रीचे दोन म्हणजे नाशिकला साडेनऊ. आई दाराला कडी लावून, गोळी घेऊन नुकती पडली असेल. ती जाग नाशिकची आहे, असं मला वाटतं. इतकी वर्षं आपण परदेशात राहिलो ते एका हिशेबावर. काही झालंच तर मिळेल ते विमान पकडायचं, दुसऱ्या दिवशी दारात उभं राहायचं. २० मार्च २०२०ला ऑस्ट्रेलियाची सीमा बंद झाली आणि तो हिशेब मोडला. आता, सप्टेंबर २०२०मध्ये, देशाबाहेर पडायलाही सरकारची परवानगी लागते, आणि तिकडे महाराष्ट्रात कोरोनाचे रोज वीस हजारांवर नवे रुग्ण. दिवसभर तू यादीचं झाकण दाबून धरतेस. झोपेत कोण धरणार?

म्हणून पहिलं काम हे कर. मुलं झोपली की नवऱ्याला समोर बसव आणि मनात आहे ते तोंडाने बोल. आईला ताप आला तर शेजारचं कोण जाईल? दुसरी किल्ली कुणाकडे? डॉक्टर कोण, दवाखाना कुठला, घरात ऑक्सिमीटर आहे का? निघावंच लागलं तर परवानगीचा अर्ज कुठे करायचा, कागद कोणते, मुलांजवळ कोण राहील? सगळं एका कागदावर लिही आणि फ्रिजवर लाव. अशुभ बोलू नये वगैरे मनात आणू नकोस. आईलाही विचार. तिने यातलं निम्मं आधीच ठरवून ठेवलेलं असेल, फक्त तुला सांगितलं नसेल.

मग ती यादी फाडून टाक. मराठीचा तास बंद, ब्रेड बंद, गीता पुढे कधीतरी.

आता जरा पंचांगाकडे ये. १८ सप्टेंबर २०२०ला अधिक आश्विन लागला. एरवी सर्वपित्री झाली की दुसऱ्या दिवशी घट बसतात, यंदा ते १७ ऑक्टोबरला. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौरवर्ष ३६५चं. दरसाल अकराएक दिवसांची तूट पडते, ती साठवून साधारण तेहतीस महिन्यांनी एक महिना घालून भरायची. या धोंड्याच्या महिन्यात लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. दानधर्म आणि जावयाला तेहतीस अनारसे, संपलं. (जावयाचा तो थाट मला कधीच पटला नाही. अनारसे पटतात.)

तेच कर. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. हे काम धाकट्याकडे दे. चौथ्या दिवशी निथळून फडक्यावर पसरायचे, हाताला दमट लागतील इतपतच सुकवायचे. बारीक दळून चाळायचे, बरोबरीने किसलेला गूळ, चमचाभर तूप, आणि घट्ट गोळा करून डब्यात बंद. मग चार-पाच दिवस डब्याला हात लावायचा नाही. मेलबर्नच्या गारठ्यात आणखी दोन दिवस दे. मी गेल्या महिन्यात घाई केली, दुसऱ्याच दिवशी कढई चढवली आणि सगळे अनारसे तुपात हसले. वर जाळी, खाली चुरा. मुलाला ‘हसले’ म्हणजे काय ते सांग. तेवढं मराठी या महिन्याला पुरे. अनारसा खसखशीवर थापून, ती बाजू वर ठेवून मंद आचेवर तळायचा, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. एकेक सोडावा लागतो, त्यामुळे उभ्याउभ्या ईमेल बघता येत नाही.

टाळेबंदीतली फिरण्याची सवलत १४ सप्टेंबरपासून दोन तासांची झाली आहे. त्यातला अर्धा तास एकटीने स्केलेटन क्रीक ओढ्याच्या कडेने चाल. फोन घरी, कानात काही नाही. पहिले चार दिवस डोक्यात ऑफिसच चालेल, चालू दे. टोपी मात्र घाल, मॅगपाय पक्ष्यांच्या विणीचे दिवस आहेत, पोनीटेलवर झडप घालतात मेले. सरकारची कोरोनावरची रोजची पत्रकार परिषद लावणंही सोड. आकडा हवाच असेल तर संध्याकाळी नवऱ्याला विचार.

आईला फोन करतेस तेव्हा मुलाखत घेऊ नकोस. ‘जेवलीस का, गोळी घेतलीस का’ एकदा झालं की पुरे. रविवारी इथले साडेबारा म्हणजे तिथले आठ. ती मेथी निवडत असेल, तू कांदा चीर, फोन ओट्यावर टेकवून ठेव. बोलणं निघालं तर निघालं, नाहीतर तिच्या कुकरच्या शिट्या ऐक. ४ ऑक्टोबरला इथली घड्याळं तासभर पुढे जातील, ते आधी सांगून ठेव, नाहीतर ऐन तिच्या आंघोळीच्या वेळी फोन वाजायचा.

एवढं करूनही पंधरा दिवसांनी दोनची जाग सुटली नाही, तर जीपीकडे, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, जा आणि झोपेबद्दल स्पष्ट सांग. रात्री फारच घाबरायला झालं तर लाइफलाइन ही फोनवरून धीर देणारी सेवा १३ ११ १४ वर चोवीस तास चालू असते. दुभाषा हवा असेल तर १३१ ४५०.

आणि गूळ चिक्कीचा आणू नकोस, साधा आण. घरात नव्हता म्हणून मी एकदा ब्राउन शुगर घातली होती. अनारसे हसले नाहीत, पण दोन दिवस डब्यात तसेच पडून होते, घरातल्या कुणी दुसरा उचलला नाही.