‘पिट’ : कोंबड्यांच्या झुंजीतून नाटकात

प्रश्न : १६६० नंतरच्या, दुसऱ्या चार्ल्सच्या काळातल्या लंडनमध्ये ‘पिटातला’, म्हणजे रंगमंचासमोरच्या तळमजल्यावरच्या जागेतला, प्रेक्षक कोण? शब्द आला कुठून?

उत्तर : तो गरीब प्रेक्षक आधी डोक्यातून काढून टाका. आपल्याकडे ‘पिटातल्या टाळ्या’ म्हटलं की स्वस्त तिकीट आलंच, आणि तोच अर्थ लोक बिनदिक्कत साडेतीनशे वर्षं मागे नेतात. चांगल्या व्याख्यानांतही हे ऐकावं लागतं. तेव्हा पिटाचा दर अडीच शिलिंग होता, वरच्या गॅलरीचा एक. पिटाहून महाग फक्त बॉक्स, चार शिलिंगांचा. दरबारी, शौकीन, कवी हे सगळे पिटात. तेव्हाचा लंडनचा रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स १ जानेवारी १६६८च्या नोंदीत कुरकुरतो, की हल्ली कारागिरांकडची शिकाऊ पोरंसुद्धा अडीच शिलिंग टाकून पिटात बसतात. स्वतः त्याने मात्र कित्येक वर्षं एक-दीड शिलिंगाच्या जागेवर भागवलं होतं! आणखी पुरावा कशाला हवा?

आता व्युत्पत्ती. ‘खोलगट जागा म्हणून पिट’ अशी एका ओळीत बोळवण करणारे मला अजिबात पटत नाहीत. कॉकपिट म्हणजे कोंबड्यांच्या झुंजीचा आखाडा. तालमीतल्या हौद्यासारखी मधली जागा आणि भोवती पैजा लावणारे. लंडनच्या ड्रुरी लेन या रस्त्यावरच्या अशाच एका आखाड्याचं १६१६ मध्ये नाटक कंपनीचालक ख्रिस्तोफर बीस्टनने नाटकगृह करायला घेतलं. पुढच्याच वर्षी शिकाऊ पोरांनी दंगलीत त्याची नासधूस केली. दुरुस्तीनंतर ‘फिनिक्स’ नाव मिळालं, तरी लोकांच्या तोंडी कॉकपिटच राहिलं. व्हाइटहॉल राजवाड्यातल्या आखाड्याचंही नाटकगृह झालं, तेही कॉकपिटच! अठरा वर्षांच्या बंदीनंतर १६६० मध्ये नाटकं पुन्हा सुरू झाली तेव्हा या दोन्ही जागा वापरात आल्या.

उलट राजाकडून नाटकांचा परवाना मिळालेल्या किलिग्रू आणि डॅव्हेनंट यांनी सुरुवातीला टेनिस कोर्टांची नाटकगृहं केली. मुळातल्या त्या सपाट फरशीवर खड्डा कुठला? शब्द प्रेक्षकांनी कॉकपिटातूनच आणला, असं माझं ठाम मत आहे. शेक्सपिअरनेही ‘पाचवा हेन्री’च्या आरंभी नाटकगृहाला कॉकपिटच म्हटलंय. ते ‘खोलगट’वाल्यांनी एकदा वाचावं.

पिटाची पत उतरली ती १९व्या शतकात, पुढच्या रांगा ‘स्टॉल्स’ नावाच्या महागड्या खुर्च्यांनी बळकावून त्याला मागे ढकललं तेव्हा.